अजिंठ्याची साळवे

२७ ऑक्टोबर २०२५, सोमवार

चौदा फेकी झाडांवर. कडुलिंबावर सहा, करंजावर पाच, उरलेल्या कशावर आदळल्या ते बघायलाही गेले नाही.

अभयनं बोलावलं म्हणून गेले. हा माझा जुना विद्यार्थी, आठवीत होता माझ्याकडे, आता चाळिशीला टेकलाय. वाळूजला वेल्डिंगचं वर्कशॉप आहे त्याचं. पैठण रोडला त्याच्या मामांची चार एकर झाडी आहे, तिथं त्यानं हा खेळ मांडलाय – डिस्क गोल्फ. नऊ ठिकाणी लोखंडी खांब, खांबाला साखळ्यांचं झुंबर, खाली जाळीची टोपली. ठरलेल्या जागेवरून प्लास्टिकची तबकडी फेकायची. जिथं पडेल तिथून पुन्हा फेकायची, टोपलीत पडेपर्यंत. कमी फेकीत जो नऊ टोपल्या संपवेल तो जिंकला. सगळं त्यानं स्वतः वेल्ड केलंय.

"मॅडम, तुम्ही थाळीफेकवाल्या. तुम्हाला काय अवघड?"

अवघड आहे. थाळी एक किलोची, ही जेमतेम पावणेदोनशे ग्रॅमची. थाळीला समोर मोकळं मैदान असतं. इथं पन्नास मीटरवर टोपली आणि मध्ये अकरा झाडं. जोर लावला की तबकडी बहकते. जोर नाही लावला तर फेकायचं कशानं? एकोणतीस वर्षं पीटी शिकवतेय आणि आज फेकता येत नव्हतं.

दंड दुखतोय. उद्या परत जाणार. दिवाळीची सुट्टी आहे अजून आठवडाभर.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

तबकडी शेवटी डावीकडे का वळते? सरळ सोडली तरी वळते. निम्मी वाट नीट जाते, मग दमल्यासारखी होते आणि डावीकडे कलून खाली बसते. अभय म्हणाला, "वेग संपला की कलते. तुम्ही आधीच उजवीकडं सोडायची." हे झालं काय करायचं ते. का, ते त्यालाही माहीत नाही.

घरी केशवला विचारलं. नवरा गणिताचा मास्तर असल्याचा काहीतरी उपयोग हवा. त्यानं वर्तमानपत्राच्या कडेला बाण काढले, दोन पोळ्या गार केल्या आणि म्हणाला, उद्या सांगतो.

३० ऑक्टोबर, गुरुवार

आज एका बाईनं मला हरवलं. नऊ टोपल्या, तिच्या एकतीस फेकी, माझ्या अठ्ठेचाळीस.

लीलाबाई. एस.टी.त कंडक्टर, कन्नड गावाच्या मार्गावर. दुपारची पाळी असते, म्हणून सकाळी येतात. घर झाडीच्या पलीकडच्याच वस्तीत. पन्नाशीच्या असाव्यात. उंच, खांदे रुंद. साडीवर बूट. फेकताना अजिबात घाई नाही. एवढ्या दाट झाडांतून त्यांची तबकडी अशी जाते, जणू तिला गल्ली माहीत आहे.

"जोर कशाला लावता मॅडम? झाडाला काय राग आलाय का तुमचा?"

"मग काय करू?"

"झाडं बघू नका. मधली जागा बघा. गाडीत गर्दी असली तरी मला पुढं जायला वाट मिळतीच ना?"

तसं केलं. तिसऱ्या टोपलीला दोन फेकींत साखळ्या वाजल्या. छान वाजतात, बांगड्यांसारख्या.

केशव म्हणतो फिरकीमुळे. तबकडी फिरते म्हणून सरळ राहते आणि वेग कमी झाला की तिच्यावरचा हवेचा दाब तिला एका बाजूला झुकवतो. अर्धं कळलं.

२ नोव्हेंबर, रविवार

तबकडी हरवली. लीलाबाई आणि मी पाऊण तास घाणेरीच्या झुडपांत शोधत होतो. ओरखडे. हरवलेली वस्तू शोधताना माणसं बोलतात, कारण एकमेकांकडे बघावं लागत नाही. मी पीटीची मास्तरीण कशी झाले ते त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थाळीफेकीच्या कोट्यातून. त्या म्हणाल्या, "नशीबवान."

तबकडी सापडली, सुबाभळीच्या बेचक्यात, डोक्याच्या वर. आम्ही खाली शोधत होतो.

एक गोष्ट आज लक्षात आली. फेकण्याआधी त्या तबकडी डाव्या खांद्याला टेकवतात आणि तिच्यावर क्षणभर हनुवटी ठेवतात. मग फेकतात. दर वेळी.

मी हे आधी पाहिलंय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शाळा सुरू. दोन तुकड्या एकत्र, मैदानावर धूळ. डोक्यात एकच – ती हनुवटी.

९ नोव्हेंबर, रविवार

विचारलंच. चौथ्या टोपलीजवळ, अगदी सहज विचारल्यासारखं.

"माहेर कुठलं तुमचं?"

"अजिंठा."

"आणि आडनाव?"

"हिवराळे."

"माहेरचं?"

"साळवे. का हो?"

"असंच," म्हटलं आणि पुढची फेक सरळ करंजावर घातली.

आता लिहितेच. या वहीतही कधी लिहिलं नव्हतं.

१९९०. शालेय विभागीय स्पर्धा, मुली, थाळीफेक. मी सतरा वर्षांची. पहिली मीच येणार हे सगळ्यांनी धरलेलं होतं. शेवटच्या फेरीत पुकारलं – "अजिंठ्याची साळवे." कुणाला तिचं नावही ठाऊक नव्हतं. अनवाणी पोरगी. तिनं थाळी डाव्या खांद्याला टेकवली, वर हनुवटी ठेवली, आणि फिरली. थाळी माझ्या खुणेच्या हातभर पुढे पडली.

पंच म्हणजे आमच्याच भागातले एक पीटीचे सर. ते थाळी कुठं पडते ते बघत होते, पायांकडे नाही. वळले आणि मला म्हणाले, "पाय बाहेर गेला का गं तिचा?" मी वर्तुळापासून तीन फुटांवर उभी होते. कड्याकडेच बघत होते. पाय आत होता. कड्यापासून चार बोटं आत.

मी म्हटलं, "हो सर."

लाल झेंडी. फेक बाद.

तिनं भांडण केलं नाही. खाली वाकून आपल्या पायाकडे बघत राहिली. सरांनी तिला काही विचारलं नाही, मला विचारलं. जोशी वकिलांच्या मुलीला. का, ते त्या वयात मला कळलं नव्हतं. आता चांगलं कळतं.

ते प्रमाणपत्र, मग राज्य स्पर्धा, मग शारीरिक शिक्षणाचं कॉलेज, मग ही नोकरी. सगळं त्या एका शब्दावर उभं आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

त्यांनी मला ओळखलं असेल का? ओळखून खेळत असतील? "नशीबवान" कशा सुरात म्हणाल्या होत्या – आठवत बसले. साधाच सूर होता. किंवा मी तसा ऐकला.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज थोडं जवळ जाऊन पाहिलं.

"शाळेत खेळत होतात का हो तुम्ही?"

"खेळायचो की. घरामागं ॲल्युमिनियमच्या ताटल्या फेकायचो. आई लई मारायची."

"स्पर्धेला वगैरे?"

"एकदा इथंच आलो होतो, औरंगाबादला. कापसाच्या ट्रकमध्ये बसून. तेव्हा औरंगाबादच होतं."

"मग?"

"मग काय. परत गेलो." आणि तबकडी खांद्याला टेकवली.

त्यांची फेक झाडांतून गेली, शेवटी डावीकडे वळली आणि टोपलीपाशी बसली. शेवटच्या त्या वळणाचाही हिशोब त्यांनी आधीच धरलेला असतो. मला अजून जमत नाही. मी विचारलं, कसं कळतं किती वळेल? म्हणाल्या, "फेकून फेकून. दुसरं काय?"

आता शंका उरली नाही. त्याच आहेत.

मग सांगायचं का? पस्तीस वर्षांनी? त्यांची नोकरी आहे, घर आहे, मुलगा नर्सिंग करतोय. हसतमुख बाई. सांगून मी त्यांना काय देणार? की फक्त माझं ओझं उतरवणार?

पण हेही खरं की दर रविवारी मी त्यांच्याकडून शिकतेय, आणि त्यांना माहीत नाही कुणाला शिकवताहेत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळेत आज सातवीच्या मुलींची लांब उडी घेतली. एकीची उडी छान पडली. शेजारची म्हणाली, बाई, हिचा पाय फळीच्या पुढे होता. मी पाहिलं नव्हतं. उडी घेणारीला विचारलं – तू सांग, होता का? ती गोंधळून गेली. म्हणाली, "असेल बाई."

मी तिला पुन्हा उडी मारायला लावली.

२३ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं.

सहाव्या टोपलीपाशी सुबाभळी दाट आहेत, तिथून बाकीचे दिसत नाहीत. अभय दोन नव्या मुलींना पहिल्या टोपलीवर शिकवत होता, त्याचा आवाज येत होता तेवढाच. लीलाबाई फेकायला उभ्या राहिल्या आणि मी म्हटलं, थांबा.

सगळं सांगितलं. वर्ष, मैदान, सर, मी कुठं उभी होते, काय म्हणाले. मध्ये रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. आवाज मात्र मैदानावर सूचना देताना लागतो तसा लागला. तो बदलताच येईना.

त्यांनी तबकडी खाली केली.

"तुम्ही पाहिलं होतं?"

"हो."

"पाय आत होता?"

"आत होता."

"नक्की?"

"चार बोटं आत, लीलाबाई. आजही दिसतो मला."

त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, "नक्की ना?" मी पुन्हा हो म्हटलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काय होतं ते मला ओळखता आलं नाही. रागाला माझी तयारी होती. ह्याला नव्हती.

तबकडी गवतात ठेवली आणि गेल्या. तीन टोपल्या राहिल्या होत्या. मी ती तबकडी उचलून अभयकडे दिली. त्यानं विचारलं, "काय झालं मॅडम?" मी म्हटलं, काही नाही, त्यांना काम आठवलं.

बघ – परत खोटं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

केशवला सांगितलं. त्यानं वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाला, "सत्तावीस वर्षं झाली आपल्या लग्नाला."

३० नोव्हेंबर, रविवार

लीलाबाई आल्या नाहीत. अभय म्हणाला, बुधवारीही नव्हत्या, शुक्रवारीही नव्हत्या. त्यांच्या वस्तीकडे जाणारी पायवाट सातव्या टोपलीजवळून निघते. तिथं थोडा वेळ उभी राहिले. गेले नाही. त्यांच्या दारात जाऊन उभं राहण्याचा मला काय हक्क?

एकटीच खेळले. एकतीस फेकी. त्यांच्याएवढ्या. झाडांकडे बघितलंच नाही, मधल्या जागेकडे बघत गेले आणि जमलं. शेवटचं वळणही दोनदा बरोबर धरलं. सांगायला कुणी नव्हतं.

४ डिसेंबर, गुरुवार

मधल्या सुट्टीत शिपाई म्हणाला, फाटकावर कुणी बाई आल्यात. लीलाबाई. खाकी गणवेश, खांद्याला तिकिटाच्या मशीनची बॅग. पाळीवर जाता जाता आल्या होत्या.

"ती मी नव्हते, मॅडम. ती माझी थोरली बहीण, मनकर्णा. मी बारा वर्षांची होते, दोरीच्या बाहेर उभी. फेकायला तिनंच शिकवलं मला."

मी फाटकाच्या बाहेर आले.

"घरी गेल्यावर बाप म्हणाला, पाय सांभाळता आला नाय तुला. शाळा सोडवली. आम्ही सगळे तेच म्हणत आलो. तीबी तेच म्हणते. परवासुद्धा म्हणाली, माझाच पाय गेला असंल."

"तुम्ही सांगितलं नाही तिला?"

"नाय. हे माझ्या तोंडून ऐकून तिला पटायचं नाय. तिला वाटंल, लहान बहीण समजूत घालतीय." त्यांनी बॅगेचा पट्टा नीट केला. "रविवारी सकाळच्या जीपनं येतीय ती अजिंठ्याहून. तुम्ही सांगा. जसं मला सांगितलं तसं, सगळं. चार बोटं ते पण."

घंटा झाली. त्या डेपोच्या दिशेनं गेल्या.

आज गुरुवार.