परतीचं टपाल

सल्ट, ९ जानेवारी १९८८

ति. नसीमखालो यांस,
रुदैनाचा स. न. वि. वि.

आम्ही दोघी ठीक आहोत. आई तुमच्यावर रुसली आहे. ती म्हणते, माझा भाऊ अकाबाच्या बंदरात बसून रोज संध्याकाळी रेडिओवर साऱ्या जगाची खुशाली विचारतो, पण बहिणीने पाठवलेल्या, तेलात मुरवलेल्या मकदूस वांग्यांच्या बरणीची पोच द्यायला त्याला सवड नाही. तेव्हा आधी तिला दोन ओळी लिहा.

आता माझं रडगाणं. काल आपल्या टपालपेटीत फिनलंडच्या आर्नेआजोबांचं तिसरं पत्र आलं. मागच्या उन्हाळ्यात रेडिओवर तुमचं त्यांच्याशी बोलणं झालं होतं. रेडिओवर जॉर्डन त्यांना जन्मात एकदाच सापडला. पण बोलणं झाल्याचा पुरावा म्हणून तुमचं पोचकार्ड हातात येईपर्यंत तो सापडला असं म्हणायची त्यांना सोय नाही. मार्चमध्ये त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. एक डोळा आधीच गेलाय, दुसऱ्याची डॉक्टर खात्री देत नाहीत. त्याआधी कार्ड स्वतःच्या डोळ्याने बघावं एवढीच इच्छा आहे. शेवटी विचारतात, माझ्याकडून काही आगळीक झाली का? खालो, हे वाचल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

कारण मी दोन्ही वेळा कार्ड पाठवलं होतं! तुम्ही शिकवलंत तसं तारीख, वेळ, आवाजाची प्रत, सगळं पडताळून भरलं. पाकीटही मन लावून केलं. सगळ्यांत वर लाल शाईत ठसठशीत त्यांची कॉलसाइन, खाली नाव. रेडिओवाल्या माणसाला त्याच्या रेडिओवरच्या नावाचा मान द्यावा म्हणून. पेट्राची मोठी रंगीत तिकिटं लावली. परतीच्या टपालासाठी त्यांनी दर पत्रात दोन डॉलर घातले होते. तिकिटांचा खर्च जाऊन एक नोट उरत होती, ती दोन्ही वेळा कार्डामागे ठेवून परत केली. लोकांचं आपल्याकडे काही राहायला नको. इतकं करूनही पोचलं नाही, म्हणजे माझंच कुठेतरी चुकतंय. हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्या. शिक्का आणि कोरी कार्डं आईच्या कपाटात ठेवली आहेत.

रागावलात तरी चालेल, पण माया आटू देऊ नका.

तुमची
रुदैना


अकाबा, १७ जानेवारी १९८८

चि. रुदैना हिस,
अ. आ.

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो, की काय झालं म्हणून शेजारच्या खोलीतला क्रेनवाला बघायला आला. मग आर्नेआजोबांचं पुन्हा वाचलं आणि हसू मावळलं.

अगं वेडाबाई, आपल्या रेडिओवाल्या लोकांच्या पाकिटांत परतीच्या टपालाची नोट असते, हे जगभरच्या हातचलाख माणसांना आपल्याइतकंच ठाऊक आहे. पाकिटावर कॉलसाइन दिसली की त्यांचे डोळे चमकतात. म्हणून आपण ती बाहेर कधीच लिहीत नाही. तू ती लाल शाईत लिहिलीस, जमवणाऱ्यांना मोह पडावा अशी तिकिटं लावलीस, आणि कमाल म्हणजे आत खरोखरच नोट ठेवलीस! चोराला फक्त मेरमियाचा पाला घातलेला चहा द्यायचा राहिला. वाटेत कुठल्या देशात कुणी हात मारला ते आता देवाला ठाऊक. तू कार्डं इतकी नेटकी भरतेस, की पाकिटाबद्दल तुला काही सांगावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आता घरच्या माणसाला पाठवतात तसं पाठव. साधं पाकीट, रोजचं तिकीट, नुसतं नाव आणि पत्ता. कार्ड एका कागदात गुंडाळ, म्हणजे उजेडात धरलं तरी कळायचं नाही. नोट अजिबात घालू नकोस. आणि कोरा कागद वाया घालवणं तुझ्या जिवावर येईल, हे मला माहीत आहे. तेव्हा त्यावर चार ओळी लिही.

शिक्का कपाटातून बाहेर काढ. राजीनामा नामंजूर. आईला सांग, बरणी रिकामी झाली आहे, हीच पोच समज आणि दुसरी पाठव.

बहिणीचा राग आणि भाचीचा जीव, दोन्ही लवकर शांत होवोत.

तुझा
नसीमखालो


सल्ट, २० जानेवारी १९८८

आदरणीय आर्नेआजोबांना,
नसीम यांची भाची रुदैना हिचा नमस्कार.

हा कागद खरं तर कार्ड लपवण्यासाठी आहे. पण कोरा कागद इतक्या लांब पाठवणं मला बरं वाटेना.

तुमच्याकडून काहीही आगळीक झालेली नाही. मी दोन्ही वेळा उत्तर दिलं होतं. माझ्या अती नीटनेटकेपणाने ती पाकिटं वाटेत कुणाच्या तरी नजरेत भरली. तिसऱ्या पत्रातली तुमची जास्तीची नोट खालोंनी पाठवू दिली नाही. ती माझ्याजवळ तुमची ठेव म्हणून आहे. त्यावरून मला अधूनमधून झोप लागत नाही, पण तुम्ही काळजी करू नका.

कार्डावरचे आकडे मी मुद्दाम जाड काढले आहेत. तुमचा आवाज पूर्ण स्पष्ट आणि जोरदार आला, अशी खालोंची नोंद आहे. ऑपरेशनच्या दिवशी आई तुमच्यासाठी मेणबत्ती लावणार आहे. तेवढी तारीख कळवा.

माझे आजोबा असते तर त्यांना जे लिहिलं असतं तेच लिहिते: थंडीत कान झाका, आणि आमची आठवण ठेवा.

रुदैना


केमी, २८ मार्च १९८८

प्रिय नातीस,

आजोबा म्हणालीस, म्हणून मी हा हक्क घेतो. मला अजून लिहायची मनाई आहे. मी सांगतोय आणि बायको लिहून घेतेय. मधूनमधून हसतेही आहे.

ऑपरेशनच्या अगदी तोंडावर तुझं साधं पाकीट आलं तेव्हा हिने दारातूनच विचारलं, की जॉर्डनमध्ये आपलं कोण आहे? खिडकीशी बसून भिंगाने आधी कार्ड वाचलं, मग तुझा कागद. खरं सांगू, कागदच जास्त वेळा वाचला. तारीख कळवायला वेळ उरला नव्हता, तेव्हा आईला सांग, मेणबत्ती आता लावली तरी चालेल.

गेल्या सोमवारी पट्टी निघाली. डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी तुझं कार्ड मागवून घेतलं. जाड आकडे दिसले, सगळे. तुझी बारीक सही मात्र अजून धुक्यात आहे. डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यापर्यंत तीही दिसेल.

त्या नोटेचं काहीतरी गोडधोड घे आणि रात्री झोपत जा. या पाकिटात मात्र काही शोधू नकोस. पहिल्यांदाच मी परतीचं टपाल घातलेलं नाही. घरच्यांना ते कोण घालतं?

उत्तर मात्र यायलाच हवं.

तुझे
आर्नेआजोबा