रीकेल्टचा रविवार

शुक्रवार, ६ ऑक्टोबर
घेतलं! शहरातल्या मोठ्या फुटबॉल संघानं माझ्या रीकेल्टला घेतलं! डावीकडून वाऱ्यासारखा पळतो पोरगा, त्यांना दिसला एकदाचा. मासे कापताना कळलं. सुरी तशीच हातात घेऊन कारखानाभर ओरडत फिरले. एक बाई म्हणाली, "तिथले सामने रविवारी असतात ना गं?"
असतात! मग? या गावात शनिवारी खेळतात म्हणून जगानं रविवारी झोपायचं?

सोमवार, ९ ऑक्टोबर
चर्चचे दोन वडीलधारे आले. काळे कोट. कॉफी प्यायले, मग माइन्डर्टनं सुरू केलं— "बाई, देवानं दिलेले पाय देवाच्याच दिवशी पळवायचे?"
म्हटलं, "तुमच्या गोदामातलं बर्फाचं यंत्र रविवारी बंद ठेवता का हो?"
कॉफी अर्धी टाकून उठले. लुबर्ट म्हणाला, "लाज आणलीस घरात." म्हटलं, आणली. ठेव कपाटात. नवरा म्हणून त्याचं फार ऐकलं आजवर!

रविवार, १५ ऑक्टोबर
चर्च बुडवलं. गाडी काढली. समोरच्या खिडकीतला पडदा हलला— मीही हात हलवला!
शेवटची वीस मिनिटं खेळवलं त्याला. काय पळाला! अडवणारा एक तर बुडावरच आपटला. शेजारी उभ्या माणसानं विचारलं, "तुमचा कोण?" "पोटचा!"
परतताना गाडीत रीकेल्ट म्हणे, "आज स्तोत्र कोणतं म्हटलं असेल?" मला काय ठाऊक! मैदानावर होते मी.

रविवार, २२ ऑक्टोबर
कपडे धुतले. रस्त्याकडच्या दोरीवर वाळत घातले. मुद्दाम. त्याचे मोजे सगळ्यात पुढे.

बुधवार, १ नोव्हेंबर
लुबर्ट म्हणतो, चर्चमध्ये त्याच्या बाकावर कोणी बसत नाही. म्हटलं, ऐसपैस बस मग.
संघाला आता रीकेल्ट तीन वर्षांसाठी हवाय. शुक्रवारी करारावर सही. येऊ दे आता माइन्डर्टला!

शुक्रवार, ३ नोव्हेंबर
सही न करताच घरी आला. मी सरळ लुबर्टवर धावून गेले— तूच अडवलंस पोराला! रीकेल्ट मध्ये पडला.
"बाबांना आत्ताच कळतंय, आई. मलाच रविवारी खेळायचं नाही. पहिल्यापासून नव्हतं."
मग बोलला का नाहीस रे!
"तुला भीत होतो."