खाकी कव्हरांचं कपाट

सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालून पाठीवर नुसते नंबर टाकायचं काय नडलं होतं? कुठल्या नंबरात काय, ते तुमच्या डोक्यात. आणि डोकं तर तुम्ही घेऊन गेलात.

अहो,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं. आज लिहितेय, कारण काम पडलंय. आपली नात प्राजक्ता हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली. कर्वेनगरहून कंपनीची बस, जायला तास, यायला त्याहून जास्त. मागच्या महिन्यात म्हणाली, "आजी, बसमध्ये वाचायला एखादं पुस्तक दे. सोपं. आजोबा द्यायचे तसलं नको."

तसलं म्हणजे कसलं, ते मला विचारा. मी नवी नवरी, त्यातून चौथी पास, आणि माझ्या हातात तुम्ही उशीएवढा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ दिलात. वर रोज जेवताना विचारायचात, आज काय कळलं? मी पुस्तकाचं नावच टाकलं. दर सुट्टीत त्या पोरीचंही तेच केलंत.

मी आपलं पातळ बघून एक दिलं. पातळ म्हणजे सोपं असणार. ते निघालं सोसायटीच्या नियमांचं! दोन दिवसांनी परत आणून म्हणते, "झोप छान लागली. राहू दे आजी, मी गाणी ऐकेन."

राहू दे कसं? इतक्या वर्षांनी तिने आपणहून मागितलं. दुसऱ्यांदा मागायची नाही. मी तरी कुठे मागितलं?

म्हणून तुमची कव्हरं फाडली. हो, फाडली. रोज कुकर लावते आणि ओट्याशीच एकेक उघडते. शिट्ट्या मोजता आल्या की पुस्तक परत कपाटात. तुमच्या अकरा ग्रंथांना तिसऱ्या शिट्टीला बरोबर गॅस बंद केला. बाराव्याला वरण करपलं.

त्यात एका बाईने सासरच्या माणसांच्या खोडी लिहिल्यात. दोन-दोन पानांचे तुकडे, बसने गचका दिला तरी धागा सुटायचा नाही. मी उभ्या उभ्या हसले. हे पुस्तक आपल्या लग्नापासून घरात होतं, आणि मला तो ग्रंथ? का हो?

त्याच्यामागून द्यायला भुताच्या गोष्टी काढून ठेवल्यात, आणि एका नर्सबाईच्या आठवणी. अक्षर मोठं आहे.

पहिलं आज तिच्या डब्याच्या पिशवीत घातलंय. शब्द देते, नाही आवडलं तर अर्ध्यात टाकू देईन. काय कळलं, हे या घरात कुणी विचारणार नाही.

आवडलं का, ते प्राजक्ताने सांगायचं, तिला वाटेल तेव्हा. तुम्ही मध्ये बोलायचं नाही.

सुलोचना