शिरोरेघेखाली

४ मार्च

हिच्या दादाने पुस्तक स्वतः आणून दिलं, टॉवेलात गुंडाळून. गावाचा इतिहास — शिळाछाप, कागद दणकट, पुठ्ठे निखळलेले. नवी शिवण, पाठीला नवं कातडं, एवढंच काम. वाचनालयात काचेच्या पेटीत ठेवायचंय, वेढ्याचं पान उघडून. त्या पानावर यांच्या पूर्वजाचा पराक्रम: तटाचा दरवाजा शेवटपर्यंत लढवला.

जाता जाता म्हणाला, "आणि त्या पानावरची शाई धुऊन टाका, जावईबापू. कोणीतरी खरडून ठेवलंय."

५ मार्च

खरडून? पानोपानी समासात बोरूचं अक्षर, छपाईच्या मागोमागच लिहिलेलं. शाई मुरून तांबूस झालीय. मेलेल्यांची नावं दुरुस्त केलीत, विहिरींच्या जागा दुरुस्त केल्यात. हा माणूस माझ्या जातकुळीचा — चूक दिसली की चैन नाही.

वेढ्याच्या पानाच्या तळाला: "हे खोटे. दरवाजा ह्यानेच आतून उघडला. मी डोळ्यांनी पाहिले." खाली आणखी एक ओळ होती. मागच्या बांधणाऱ्याने कडा कापून सरळ केल्या आणि त्या ओळीची फक्त शिरोरेघ उरली. बांधणारा कसला, कसाई! मी कोणाच्या हाताखाली शिकलो नाही, जुनी पुस्तकं उसवून शिकलो. पण कड कापण्याआधी समास वाचावा, हे मला कोणी सांगायची गरज पडली नाही.

धुणार नाही.

६ मार्च

दादाला तसं सांगितलं.

"तुम्हाला शिवायला दिलंय, वाचायला नाही."

"वाचल्याशिवाय मी शिवत नाही."

"म्हणजे आमचं घराणं फितूर, असं काचेत मांडून ठेवू?"

"दुसरं पान उघडून ठेवा."

तोंड पाडून गेला. नाही — तोंड लाल करून गेला. लिहायचं तर नीट लिहावं.

८ मार्च

ही बोलत नाही. भांडी बोलतायत.

९ मार्च

आज बोलली. "माझ्या माहेरचा माणूस फितूर निघाला, तर तुम्हाला किती गुदगुल्या होतायत."

होतायत. लग्न झाल्यापासून तो दरवाजा ऐकतोय. त्यांच्याकडे कोणी जेवायला आलं की वाढता वाढता दादा तो दरवाजा लढवतो. पण गुदगुल्या झाल्या म्हणून लिहिलेलं खोटं ठरत नाही, असं म्हणालो.

बराच वेळ भाजी चिरत राहिली. मग, "खरं असेल तर राहू दे. दादाचं मी बघते."

११ मार्च

दादा पुस्तक परत न्यायला आला. दुसरा बांधणारा मिळालाय, औषधाच्या पाण्यात पान बुडवून अर्ध्या दिवसात कोरं करून देतो म्हणे. मी पुस्तकावर हात ठेवून बसलो. उठवा म्हटलं.

ही मध्ये आली. "पुस्तक आबांचं आहे. आबांची मी पण मुलगी आहे."

दादा चहा न घेता गेला.

१३ मार्च

पाठीचं जुनं कातडं सोडवायला घेतलं. खळ ओली करत, बोटभर बोटभर. आत अस्तराला कागदाच्या पट्ट्या. रद्दीच असते नेहमी — सगळेच लावतात, मीही लावतो. पण यांवर बोरूचं अक्षर!

कापलेल्या कडा. सगळ्या. प्रत्येकीच्या टोकाला बारीक पानाचा आकडा. मागच्या बांधणाऱ्यालाही कोणीतरी बजावलं असणार, कापून टाक म्हणून. त्याने कापलं, आणि जिथे मालक कधी बघणार नाही तिथे चिकटवून ठेवलं.

कसाई हा शब्द मागे घेतो. पट्ट्या टिपकागदावर वाळत घातल्यात. घाई करायची नाही.

१४ मार्च

वेढ्याच्या पानाची पट्टी शिरोरेघेला तंतोतंत लागली: "म्हणून आम्ही बायकामुले जिवंत बाहेर पडलो."

हिला हाक मारली. पट्टी जागेवर धरून पान तिच्यापुढे सरकवलं. तिनेच वाचलं. दादाला फोन मी करणार आहे, ती नाही. पान तेच उघडं राहील.

पाच तारखेला मी 'हा माणूस' लिहिलंय. खोडत नाही. समासात लिहून ठेवतो — बाई.