मसुद्यातून गाळलेला शब्द

प्रिय मनी,

तीन वर्षांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस, म्हणून हे पत्र. कुणाला सांगून टाईप करून घेण्यासारखं ते नाही.

इकडची खबर आधी. आपल्या वकिलीच्या फर्मला पुढच्या महिन्यात तीस वर्षं होतील. माहितीपत्रक छापायचंय आणि 'आमची कामाची क्षेत्रं, आमची बलस्थानं' हे पान माझ्या गळ्यात पडलंय. जमिनीचे वाद झरझर लिहिले. कारखाने आणि कामगार, दोघांचीही प्रकरणं घेतो, अर्थात एका वेळी एकाचीच. अपघाताची भरपाई, मृत्युपत्रं, बँकांची कामं. आसपासच्या चार कोर्टांत आमच्याइतकी जुनी कागदपत्रं वाचू शकणारं कुणी नाही, हेही लिहिलं आणि ते खरंच आहे. मग 'कौटुंबिक' असा मथळा घातला आणि दोन दिवस तिथेच अडून बसलोय.

तो विभाग तू उभा केलास. नवरा-बायकोची भांडणं आपल्याला नकोत, असं मी म्हणत होतो. तू मागची अडगळीची खोली साफ करून घेतलीस, टेबल बाहेर काढलंस आणि सारख्या उंचीच्या तीन खुर्च्या मांडल्यास. बाई रडायला लागली की तू पाणी द्यायचीस आणि गप्प बसून राहायचीस. ही कसली वकिली, असं मी कुरकुरायचो. पण लोक तुलाच विचारत यायचे. कधीमधी एखादं समेट झालेलं जोडपं जाता जाता माझ्या केबिनमध्ये डोकावून हसायचं, जसं काही मीच केलं होतं सगळं.

तुझंच घर मोडलं तेव्हा तू त्याच खोलीत माझ्यासमोर बसलीस. जावई फर्ममध्ये भागीदार, कारखान्यांची आणि बँकांची कामं सगळी त्याच्या हातात. मी म्हणालो, "कोर्टाची पायरी नको, घरातच मिटवू. तुझी पोरगी सध्या त्याच्याकडे राहू दे, तुझं बस्तान बसलं की घेऊन जा." समझोत्याचा कागद तयार झाला तेव्हा तू विचारलंस, "बाबा, तुम्ही वाचलंय ना सगळं?" मी हो म्हणालो. वाचल्याशिवाय सही करू नका, असं येणाऱ्या प्रत्येक बाईला बजावणारी तू, माझ्या एका 'हो'वर सही करून मोकळी झालीस.

पुढचं तुला पाठ आहे. रविवारच्या भेटी आधी पुढे ढकलल्या गेल्या, मग बंदच पडल्या. तू कोर्टात गेलीस तेव्हा जावयाने तोच कागद पुढे केला. त्यात पोरीचा ताबा कायमचा बापाकडे होता. तू वळून माझ्याकडे पाहिलंस. मी चष्मा पुसत बसलो.

तुझी लेक आता सात वर्षांची आहे. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढते. बोलताना तुझ्यासारखंच एक वाक्य अर्धवट सोडून दुसरं धरते. गेल्या आठवड्यात ऑफिसात आली होती. भिंतीवरच्या जुन्या फोटोत तुझ्यावर बोट ठेवून तिने विचारलं, "आजोबा, या कोण?" जावई दारात उभा होता. मी म्हणालो, "आमच्याकडे काम करायच्या." ती "बरं" म्हणाली आणि पुढच्या फोटोकडे गेली.

मनी, पहिल्या मसुद्यात 'ताबा'च्या आधी 'तात्पुरता' हा शब्द होता. मीच घातला होता. शेवटच्या प्रतीत तो नाही, हे तू सही करायच्या आदल्या दिवशीच माझ्या लक्षात आलं होतं. मी जावयाला विचारलं. तो म्हणाला, "तो शब्द राहणार असेल तर मी भागीदारी सोडतो." मी तीच प्रत तुझ्यापुढे ठेवली. फर्म वाचवली.

तू ताब्यासाठी पुन्हा अर्ज केल्याचं कळलं. मी हे सगळं शपथपत्रावर लिहून, तो पहिला मसुदा जोडून, काल कोर्टात दिलं. प्रत तुझ्या वकीलबाईंना पाठवली आहे. माझी वकिलीची सनद जाईल, जाऊ दे. निकाल तुझ्या बाजूने लागला तरी पोर सुरुवातीला तुला परकीच समजेल, आणि त्यावर माझ्याकडे काही इलाज नाही. सोळा तारखेला साडेदहाला माझी साक्ष आहे. माझ्याशी बोलू नकोस, चालेल. पण मी सांगत असेन तेव्हा उठून जाऊ नकोस. एकदा तुझ्यादेखत मला ते मोठ्याने म्हणायचंय.

तू म्हणू दिलंस तर, तुझाच
बाबा