पहिलीच्या बातम्यांच्या वह्या

शुक्रवार, चैत्र संपत आला. संध्याकाळ

कॉन्व्हेंटमध्ये शिकताना मी आणि माझी मैत्रीण सुधा मधल्या सुट्टीत पायरीवर बसून एकमेकींना घरच्या बातम्या सांगायचो. मांजर व्याली, आजोबा रुसले, असल्याच. पुढे शिक्षिका झाल्यावर पहिलीतल्या मुलांकडून रोज अशाच बातम्या घेऊन मी वहीत उतरवत गेले, दर वर्षाची वेगळी वही.

जूनपासून बडोद्याच्या आमच्या शाळेतला मराठी वर्ग बंद. आज मुख्याध्यापिका हेमाबेन म्हणाल्या, “मंगलाबेन, सोमवारी पस्तीवाला येतोय, कपाट खाली करा ने! एवढी रद्दी कोण सांभाळणार?”

“रद्दी नाही हो, वर्तमानपत्रं आहेत ती.”

“मग तर भाव चांगला येईल!”

हसले मीही. पण वह्या रिक्षात घालून घरी आणल्या.

दुपारपासून चाळतेय. एका पानावर रश्मीची बातमी आहे: आज आई हसली. मी तिला म्हणाले होते, “ही कसली बातमी? दुसरी सांग.”

“दुसरी नाही, बाई.”

तिचे वडील जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. मला ठाऊक होतं. मग कशी म्हणाले मी असं? आज आई हसली. त्या दिवशी अख्ख्या बडोद्यात याहून मोठी बातमी कुठली असणार होती?

गॅलरीत उजेड विरत चाललाय, आणि सगळी पोरं समोर हात वर करून बसल्यासारखी वाटतात.

उद्या आधी हरणीला, रश्मीच्या घरी जायचं. ती वही रश्मीच्या हातात, तिच्या आईच्या देखत. बाकीच्या त्या त्या वर्षाच्या मुलांना, सापडतील तशा. कपाटाची किल्ली हेमाबेनना. आणि पस्तीवाल्याला माझ्या पाठांच्या टाचणवह्या, सगळ्याच्या सगळ्या.