बिल्ला तुमच्या नावाचा

तीर्थरूप तात्याबा मामांच्या सेवेशी,

खुटबावहून तुमचा जावई हौसराव याचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खुशाल कुणीच नाही. तुमचा गुडघा आणि मामींचा दमा कसा आहे ते कळवावे. फोनवरच विचारलं असतं, पण मेव्हण्याच्या, मल्हारच्या लग्नात आहेराची टोपी लहान आहे असं मी मांडवात म्हणालो, तेव्हापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही आणि तुमच्या लेकीचा, रतनबाईचाही नाही (तिच्या डोक्यावर कुठं टोपी होती?). म्हणून ही चिठ्ठी चौफुल्यावर शिरूर गाडीच्या कंडक्टरकडे देतोय.

चंद्री गाय आजारी आहे. तुम्ही लेकीला आंदण दिलेली, जिला लग्नाआधी रतननं बाटलीनं दूध पाजून वाढवलं, तीच. वासराला महिना होत नाही तोच कासेला दगडी झाली, कास सुजून दगडासारखी घट्ट. चालवत सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी कानातला पिवळा बिल्ला मोबाईलवर तपासला आणि मलाच विचारलं, तात्याबा कोण? बिल्ला तुमच्याकडं असताना मारलेला, मालक तुम्हीच. खरं तर तेव्हाच गाय नावावर करून घ्यायची, पण आंदणाच्या गाईचे कागद मागितले तर लोक म्हणतात जावई हावरा (लोकांना तेवढंच हवं असतं). आता उपचाराच्या नोंदीचा ओटीपी गेला तुमच्या फोनवर. रतननं तिथूनच तुम्हाला फोन लावला. तो वाजून वाजून बंद पडला. डॉक्टर भला माणूस, ऑनलाइन नोंद होईना तरी इंजेक्शन दिलं आणि बाकीची औषधं बाहेरून आणायला चिठ्ठी दिली.

चिठ्ठीवर नाव मालकाचं, म्हणजे तुमचं. मेडिकलवाल्याला मोठ्यानं वाचायची खोड. भरल्या दुकानात त्यानं वाचलं, तात्याबा, कासेला सूज, चारी सड पिळून रिकामे करावेत. तेव्हापासून अख्खं खुटबाव तुमच्या तब्येतीची चौकशी करतंय. शेजारचा रविराज तर म्हणाला, "पाव्हणं, सासऱ्यास्नी उतार हाय का न्हाई?" मी हसलो नाही. हसायचं अंगातच राहिलं नाही.

उतार पडेना म्हणून खासगी डॉक्टर आणला. त्यानं गाय बघायचे वेगळे घेतले, चिठ्ठी लिहायचे वेगळे, आणि आधीची चिठ्ठी चुकली होती हे सांगायचे आणखी वेगळे. मालकाचं नाव विचारल्यावर मी तुमचंच सांगितलं. म्हटलं, कागद तरी एकमेकांना धरून राहू देत. चंद्री मात्र वैरणीला तोंड लावत नाही. रतन तिच्या गळ्याला हात घालून गोठ्यातच बसून असते, माझ्याशी बोलत नाही, आणि मला फार भीती वाटते मामा. तरी फोनवर आलेला ओटीपीचा नंबर कळवावा (तो थोड्या वेळातच बाद होतो म्हणे, आणि गाडी तर न्हावऱ्यातच तेवढा वेळ चहाला थांबते. तरी लिहितो).

मामींना नमस्कार, मल्हारला आशीर्वाद.

आपला,
हौसराव

ता. क. वरचं काल लिहिलं. गाडी चुकली म्हणून चिठ्ठी खिशातच राहिली. आज सकाळी चंद्री गेली. आता नंबर कळवू नये.

ता. क. दुसरा. मेलेल्या गाईचं नाव काढायलाही ओटीपी लागतो, तो तुमच्याच फोनवर येईल. विचारायला फोन रतन करणार आहे. माझा उचलू नका, टोपी लहानच होती. तिचा उचला.

ता. क. तिसरा. मागं कालवड राहिली आहे, रतन तिला बाटलीनं पाजते. परवा तिला बिल्ला मारायचा आहे. या खेपेला पहिल्यापासून माझंच नाव घालू, असं मी म्हणालो. रतन दोन दिवसांत पहिल्यांदा बोलली, "तात्यांचंच घाला. त्या निमित्तानं तरी त्यांचा फोन वाजंल."